सत्तावन्न नंबरची किल्ली

१० जानेवारी

प्रिय भाऊजी,

फोनवर तुम्ही ‘बरं’ आणि ‘हो का’ या दोन शब्दांत सगळं निभावता, आणि इथे फोन असतो आईंच्या उशाशी. म्हणून लिहायला बसले. कागद लाँड्रीच्या पावतीपुस्तकाचे आहेत, मागची छपाई दिसली तर चालवून घ्या.

नोंद कचेरीचं पत्र आलं. बोट बुडून चौदा महिने झाले, तेव्हा एवढ्याशा कागदात काय मावणार असं वाटलं होतं, पण मावलं. ‘क्रमांक ५७ या मृत व्यक्तीची ओळख निश्चित झाली असून ते आपले पती आहेत.’ खाली शिक्का. पालिकेच्या जागेत पुरलेलं आहे, तिथल्या पाटीवर आता नंबराच्या जागी नाव घालतील. अंगावर सापडलेल्या वस्तूंचं पाकीट कचेरीत येऊन न्यावं.

काउंटरवर उभ्यानंच वाचलं. समोर एक गिऱ्हाईक जळलेल्या कॉलरवरून माझ्याशी भांडत होतं. मी म्हटलं, उद्या या. माझ्या तोंडाकडे बघून तो शर्ट तिथेच टाकून निघून गेला, अजून आला नाही.

आईंना सांगायचं धाडस दोन दिवस झालं नाही. तुम्हाला माहीत आहे, बोट बुडाल्यापासून त्यांनी पुढच्या दाराला कडी लावू दिली नव्हती. मी म्हणायची, आई, चोर येईल. त्या म्हणायच्या, चोर आला तर परत जाईल, पण तो येऊन परत गेला तर काय करू? कुठे पाऊल वाजलं की उठून बसायच्या. चौदा महिन्यांत सलग तीन तास झोपल्या असतील असं मला वाटत नाही.

परवा सांगितलं. रडल्या नाहीत. पत्र दोनदा वाचून घेतलं, मग म्हणाल्या, “म्हणजे तो काही आता यायचा नाही.” उठल्या, भिंत धरत दारापर्यंत गेल्या आणि स्वतःच्या हातानं कडी लावली. भाऊजी, त्या ज्या झोपल्या त्या दुसऱ्या दिवशी ऊन गुडघ्यावर आलं तेव्हा उठल्या. मी मधे तीनदा श्वास बघून आले.

तुमचे दादा गेले हे मला केव्हाच कळलं होतं. आता ते कागदावर आलं.

तुमची,
वहिनी


१८ जानेवारी

ती. वहिनींस,

पत्र वाचून ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसलो. तिथे कोणी येत नाही, सगळे लिफ्टनं जातात. दादाच्या खांद्यावर बसून पोहायला शिकलो मी, आणि बुडाला तो.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. सांगू की नको असं चाललं होतं, पण तेवढ्यानंच मला थोडं बरं वाटतंय. तुम्हाला आलेलं पत्र ज्या प्रोग्रॅमनं छापलं, तो मी बसवलाय. नोंद कचेरीची जुनी मशीनं मोडीत निघाली, नवी घेतली, आणि सगळा कारभार जुन्यावरून नव्यावर हलवायचं काम आमच्या कंपनीला मिळालं. ते माझ्या गळ्यात पडलं. चार हजार फायली हलवल्या. एकही उघडून पाहिली नाही. पाहायची परवानगी नव्हती आणि, खरं सांगतो, हिंमतही नव्हती. त्यातल्या एकीत दादा असणार हे मला माहीत होतं.

असं काम म्हणजे घर बदलण्यासारखं असतं, जुन्या घरातलं कपाट नव्या दारातून आत जात नाही. जुन्या मशीनवर फाइलला काहीही नाव द्या, ते मुकाट्यानं घेतं. नवं मशीन नखरेल आहे. तिरकी रेघ नको, तारका नको, प्रश्नचिन्ह नको, अशी नऊ चिन्हं त्याला नावात खपत नाहीत. त्यामुळे शेवटच्या शुक्रवारी एकतीस फायली दारात अडकल्या. कोणीतरी नंबरापुढे प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं होतं. आधी मी अशी सोय केली की चिन्हाच्या जागी एक सांकेतिक आकडा यावा, म्हणजे हवं तेव्हा मूळ नाव परत मिळेल. पण नाव पत्रावर संदर्भ क्रमांक म्हणून छापलं जातं, आणि आमचे मॅनेजर म्हणाले की हे ओंगळ दिसतं. कचेरीच्या साहेबांना विचारलं, या चिन्हाला काही अर्थ आहे का? ते तीन आठवड्यांपूर्वी बदलून आलेले. म्हणाले, अर्थबिर्थ काही नाही, काढून टाका. दोन टेबलं पलीकडे जुने कारकून निवृत्तीच्या आधीचं आवरत बसले होते. त्यांना विचारायचं डोक्यात आलं नाही. मी चिन्हं काढली, एकतीसच्या एकतीस फायली सुरळीत आत गेल्या, आणि महिनाअखेरीला पत्रंही झरझर निघाली. जुन्या कचेरीत महिनोन्‌महिने रखडायची म्हणे.

त्यातलंच एक तुमचं. आपल्या माणसाचं एवढं तरी काम हातून झालं असं मला वाटतंय. वेडेपणा असेल. आईला सांगू नका.

पाकीट आणायला एकट्या जाऊ नका. मी येऊ का?

तुमचा,
भाऊजी


३१ जानेवारी

प्रिय भाऊजी,

येण्याची गरज नव्हती, काल जाऊन आले. मंगळवार लाँड्रीत सुना असतो.

कचेरी दुसऱ्या मजल्यावर आहे, एक लांब बाक, भिंतीवर ‘थुंकू नये’ आणि त्याखाली थुंकलेलं. पाकीट खाकी, लाखेनं बंद. सही घेतली आणि हातात दिलं. तिथेच बाकावर बसून उघडलं, घरी आईंसमोर नको म्हणून. एक शर्ट, एक पट्टा, एक किल्ली. सोबत अर्ध्या पानाचं वर्णन. उंची, वय अंदाजे, बाकी पाण्यानं काही ठेवलं नव्हतं.

शर्ट ह्यांचाच. किल्ली कामावरच्या कपाटाची असेल.

शेजारी एक बाई बसली होती. दर मंगळवारी येते म्हणे, शिपाई तिला मंगळवारवालीच म्हणतो. त्याच बोटीवर तिचा नवरा होता. तिला अजून पत्र नाही. डबा घेऊन येते, बाकावर बसून खाते, पाच वाजता शिपायाला “येते हं” म्हणून जाते, जशी काही इथे नोकरीला आहे. माझ्याशी बरंच बोलली. मला लवकर निघावं लागलं.

आईंच्या अंगावर थोडं मांस धरलंय. काल मला म्हणाल्या, तुझ्या आमटीला चव नसते. चौदा महिन्यांत पहिल्यांदा नाव ठेवलं मला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

त्या एकतीस फायली कुठल्या होत्या, भाऊजी? सहज विचारते. सांगायलाच हवं असं नाही.

वहिनी


२ एप्रिल

ती. वहिनींस,

दोन महिने उत्तर दिलं नाही. आधी कामामुळे, मग भीतीमुळे.

फेब्रुवारीच्या शेवटी एक माणूस कचेरीत आला आणि त्यानं टेबलावर आमचं पत्र ठेवलं. क्रमांक २२, ओळख निश्चित. म्हणाला, हा मी. बोटीतून वाचला, पलीकडच्या किनाऱ्यावर कुठेतरी वर्षभर पडून होता, डोकं ठिकाणावर नव्हतं. घरी आला तर बायकोनं दार उघडून किंकाळी फोडली. कचेरीतले लोक हसले, भाऊजी काय चूक झाली बघा म्हणून मला बोलावलं. तिथेही मला सगळे भाऊजीच म्हणतात, कसं कोण जाणे.

मी जुन्या आणि नव्या नावांची यादी काढली. ती मी ठेवली होती, तेवढी अक्कल होती. २२ त्या एकतीसमध्ये होता.

मग जुन्या कारकुनांचं घर शोधलं. ते गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते. विचारलं, नंबरापुढे ते प्रश्नचिन्ह तुम्ही का टाकायचा? त्यांनी झारी खाली ठेवली. म्हणाले, “ओळख पटलेली नाही म्हणून. उंचीवयावरून बहुधा हा, असं वाटलं की घरच्यांचं नाव फाइलीत लिहायचं, पण पुढे खूण करायची. पत्र नुसत्या आकड्यांच्या फायलींनाच निघतं, खूणवाली मशीन सोडून देतं. खात्री झाली की खूण पुसायची.” मी विचारलं, फाइलच्या आत हे कुठे लिहिलं नाही? म्हणाले, “कशाला लिहायचं? आम्हाला माहीत होतं ना.” मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, “का? काय झालं?” मी काही नाही म्हणालो आणि जिना उतरलो.

वहिनी, ५७ त्या यादीत आहे.

तुम्ही विचारलं होतं आणि मी दोन महिने गप्प बसलो. दादा तिथे पुरलेला असेलही, नसेलही. कोणालाच माहीत नाही. मी एक खूण काढली आणि त्याला मारून टाकलं. पुरून वर पाटी लावली. मॅनेजर म्हणतात, २२ दुरुस्त करा आणि विषय संपवा, बाकी तीस घरांत लोक शांत आहेत, त्यांना कशाला ढवळता. कंत्राटाचा पुढचा टप्पा आहे. मी मान डोलावली. मग घरी येऊन हे लिहायला घेतलं, कारण ऑफिसच्या मेलमध्ये असलं काही लिहिता येत नाही.

मी लेखी कळवलं तर सगळी तीस पत्रं मागे घेतील. तुमचंही. आईला पुन्हा सांगावं लागेल. कडीचं काय होईल ते मला कळतं.

मी काय करू? तुम्ही म्हणाल तसं करतो. शर्ट दादाचाच होता असं तुम्ही लिहिलं होतं. तेवढ्यावर मी हे दोन महिने काढले. खरंच होता ना?

भाऊजी


९ एप्रिल

प्रिय भाऊजी,

नव्हता.

अकरा वर्षं मी लोकांचे शर्ट हाताळते. कॉलरवरून माणूस मान कुठे झुकवतो ते सांगेन. ह्यांच्या प्रत्येक शर्टाची बटणं मी स्वतः लावली, फुलीच्या टाक्यानं, मला दुसरा येतच नाही. पाकिटातल्या शर्टाची बटणं सरळ दोन रेघांत शिवलेली होती. दुसऱ्या कुठल्यातरी बाईनं, मन लावून.

एवढंच असतं तर मी स्वतःला फसवलं असतं. पण शेजारी ती बसली होती. पाकीट माझ्या मांडीवर उघडं, आणि ती आपल्या नवऱ्याबद्दल सांगत होती. म्हणाली, घराची एक किल्ली त्याच्याजवळ आहे, म्हणून मी कुलूप बदलत नाही. किल्लीचं भोक तुटलं होतं, त्यानं डोक्याला तांब्याची तार गुंडाळून कडी केली होती. भाऊजी, तार माझ्या बोटांखाली होती. मी पाकिटाचं तोंड दुमडलं, लवकर जायचंय म्हणाले आणि जिना उतरले.

तुमची चूक नकळत झाली. माझी कळून झाली, पूर्ण शुद्धीत. तेव्हा तुम्ही गच्चीवरच्या म्हाताऱ्यासमोर खाली घातलेली मान आता वर करा, तुमच्यापेक्षा वाईट माणूस घरातच आहे.

का केलं म्हणाल तर, घरी आई झोपल्या होत्या. आणि मलाही झोप लागायला लागली होती, हे खरं. चौदा महिने मी त्या उघड्या दाराकडे पाय करून झोपत होते. मी दमले होते हो.

मार्चमध्ये आईंना दवाखान्यात नेलं होतं, तुम्हाला कळवलं नाही. हृदय पार थकलंय. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा निघाला तर निघाला. म्हणून सांगते, थांबा. कळवू नका. आई आहेत तोवर फक्त. मग मी स्वतः कचेरीत येते, किल्ली टेबलावर ठेवते आणि काय ते सगळं माझ्या नावावर घेते. ती बाई एवढे दिवस थांबलीय, अजून थोडे थांबेल. हे लिहिताना माझी मला किळस येतेय, पण लिहिते.

वहिनी


१२ जुलै

ती. वहिनींस,

तुम्ही थांबा म्हणालात, मी थांबलो. उन्हाळा निघाला. आई आहे, आणि ती असावी अशीच माझी इच्छा आहे, तरी रोज फोन वाजला की माझ्या मनात काय येतं ते मी तुम्हालाही सांगू शकत नाही.

जूनअखेरीला कचेरीत बोर्ड लागला. ‘बोट दुर्घटनेतील सर्व मृतांची ओळख पूर्ण.’ सगळेच नंबर नुसते आकडे झाले होते, त्यामुळे मशीनच्या मते कोणी उरलं नव्हतं. मग साहेबांनी, ज्यांच्या अर्जाला एकही नंबर जुळला नाही त्यांना शेवटचं पत्र पाठवायला सांगितलं. ‘आपल्या व्यक्तीचा शोध थांबवण्यात येत आहे.’ नऊ पत्रं होती. माझ्याच प्रोग्रॅमनं छापली. छपाईच्या दिवशी मी तिथेच होतो, शाई नीट उमटते का बघायला. त्यात तिचंही पत्र होतं. पत्ता वाचला आणि तरीही मी ते घडी घालून पाकिटात जाऊ दिलं. थांबायचं ठरलं होतं ना.

पुढच्या मंगळवारी मी मुद्दाम कचेरीत गेलो. बाक रिकामा होता. शिपाई म्हणाला, “आली नाही. सुटली बिचारी.”

परवा मी सगळं लिहून दिलं. यादी जोडली, एकतीसच्या एकतीस नावं, जुनी आणि नवी. आधीच का सांगितलं नाही असं विचारलं. घाबरलो होतो म्हणालो. तुमचं नाव कुठे घेतलेलं नाही, घेणारही नाही. मला घरी बसवलंय, चौकशी होईल. मॅनेजर म्हणाले, एका प्रश्नचिन्हासाठी कंपनी बुडवलीस. महिन्याभरात सगळ्या घरांना पत्रं येतील. आईला ते कागदावरून कळू नये.

बाईंचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. मी जाऊ शकलो नाही. दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो.

भाऊजी


२४ जुलै

प्रिय भाऊजी,

काल मंगळवार होता. गेले होते.

खाली सायकलींचं दुकान, वर तीन बिऱ्हाडं. तिचं शेवटचं, दाराला कुलूप. शेजारीण कठड्यावर गोधडी वाळत घालत होती. म्हणाली, तीन आठवडे झाले. पत्र आलं, दोन दिवस दार लावून बसली, मग भांडी वाटून टाकली आणि एक पिशवी घेऊन गेली. कुठे? सांगितलं नाही. माहेरी कोणी नाही तिला. शेजारणीनं विचारलं होतं, खोलीची किल्ली ठेवून जातेस का, मालकाला द्यायला? तर म्हणाली, नको, एक त्याच्याकडे आहे.

मी किल्ली लावली. फिरली.

खोली झाडून ठेवलेली होती. एक खाट, खिडकीत उपडा ठेवलेला एक पेला, आणि खुंटीवर एक पुरुषाचा शर्ट, इस्त्री करून. मी बटणं पाहिली. सरळ दोन रेघा.

पाकिटातला शर्ट आणि पट्टा त्याच्या शेजारी टांगला. कागदावर लिहिलं की तुमचे पती पालिकेच्या जागेत सत्तावन्न नंबरला आहेत, पाटीवर नाव चुकीचं आहे, ते मी आजच बदलायला सांगते. खाली माझं नाव, पत्ता आणि हेही की जानेवारीत बाकावर तुमच्या शेजारी मी होते, किल्ली माझ्या मांडीवर होती आणि मी बोलले नाही. ती कधी वाचेल असं मला वाटत नाही. किल्ली शेजारणीकडे दिली. तिनं विचारलं, तुम्ही तिच्या कोण?

तिथून कचेरीत गेले आणि माझाही जबाब दिला. तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत ते चांगलं केलंत, पण ते घेण्यासारखं होतं.

घरी येऊन चप्पल न काढताच आईंना सांगितलं. पत्र, खूण, तुम्ही, मी, किल्ली, सगळं. वाटलं होतं त्यांचं हृदय थांबेल, नाहीतर मला घरातून काढतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हणजे सहा महिने मी त्याला कडी लावून बसले?”

मी धरायला गेले तर हात झटकला. भिंत धरून एकट्या उठल्या. चार पावलांना दोनदा थांबल्या. कडी घट्ट बसली होती, त्यांना दोन्ही हात लावावे लागले. मी मदत केली नाही, करू दिली नसती.

आता त्या पुन्हा पावलं ऐकत असतात. माझ्याशी बोलत नाहीत. आज आमटीला नावही ठेवलं नाही. डॉक्टर येऊन गेले, फी घ्यायचीही विसरले.

तुम्ही घरी बसलाच आहात तर इकडे या. आई तुमच्याशी बोलतील की नाही सांगता येत नाही, पण या. फक्त जिन्यातून हाक मारत मारत वर या, नाहीतर पावलं ऐकून त्यांना वाटेल की तुमचे दादा आले. दार वाजवू नका, उघडंच आहे.

वहिनी